लाखेखालची लवंग

१

खानावळवाल्याने पत्र्याचा डबा काउंटरवर असा आपटला की तराजूची दोन्ही पारडी थरथरली.

"ह्याला लवंग म्हणता तुम्ही? खिळे आहेत हे, खिळे! दोन मुठी टाकल्या पातेल्यात, तरी गिऱ्हाईक विचारतंय, आज मसाला घालायला विसरलात का?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांच्याही माना वळल्या. मसाल्यांच्या त्या गल्लीत सासऱ्यांच्या वेळेपासून दुकानाने नाव राखलं होतं. भाव शेजारच्यापेक्षा थोडा चढा असायचा, पण माल डोळे मिटून न्यावा, अशी ख्याती.

धाकट्या दिराने डब्यातली एक लवंग उचलून दाताखाली धरली. क्षणभर चावली आणि तोंड वाकडं करून थुंकली.

"वहिनी, हिचा अर्क काढून घेतलाय. तेल गेलं, नुसता सांगाडा उरलाय."

सगळे जिना चढून वरच्या कोठीत गेले. त्या खेपेचे पाच डबे भरले होते. एक खानावळीत गेला होता, एक इस्पितळाच्या भटारखान्यात. उरलेले तीन फळीवर होते, प्रत्येकाच्या झाकणावर लाल लाख आणि लाखेवर दुकानाचा पितळी शिक्का. दिराने सुरीने लाख फोडली. तिन्ही डब्यांत तसलाच मेलेला माल निघाला.

लवंग त्या वर्षी डोळे पांढरे करीत होती. पीक बुडालं होतं, आणि गेल्या साली किलोला जे पडायचं त्यात आता जेमतेम अर्धा किलो येत होती. पाच डबे म्हणजे थट्टा नव्हती.

"कोठीची चावी कुणाकडे असते?" दिराने विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

चाळणकाका दारातच उभे होते. पस्तीस वर्षं ते ह्या दुकानात माल चाळत आणि निवडत आले होते. त्यांचं खरं नाव गल्ली विसरून गेली होती.

"माझ्याकडे," ते म्हणाले.

"डबे बंद झाल्यावर इथं दुसरं कोण येतं?"

"कोणी नाही."

दीर मालकिणीकडे वळला. "वहिनी, डबे तुम्ही स्वतः भरलेत. लाख लावण्याआधी वास घेतला होता ना? तेव्हा माल चोख होता ना?"

तिने काकांकडे पाहिलं. काकाही तिच्याकडेच पाहत होते, अगदी शांतपणे, ती खरं सांगेल ह्या खात्रीने.

"हो," ती म्हणाली. "चोख होता."

म्हणजे लाख लागल्यावर माल बदलला. म्हणजे ज्याच्याकडे चावी, त्याने बदलला. कोणी तसं तोंडाने म्हटलं नाही. चाळणकाकांनी कमरेची चावी काढून फळीवर ठेवली, खांद्यावरचं फडकं घडी करून तिच्याशेजारी ठेवलं, आणि कठड्याला धरत धरत जिना उतरून ते निघून गेले.

मालकीण तिथंच खिळून राहिली. कारण ती खोटं बोलली होती. दोन वर्षांपूर्वी एकाच तापाने तिचा नवरा गेला आणि तिचं नाकही गेलं. सुंठ काय, हिंग काय, जळका कागद काय, तिला कशाचाच वास येत नव्हता. मसाल्याच्या दुकानाची मालकीण, आणि नाकाने आंधळी! हे तिने जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजमावशी आल्या.

इस्पितळाच्या भटारखान्यासाठी मसाला विकत घेणं हे त्यांचं काम. गुंजभर वजन कमी भरलं तरी पुडी परत करीत, म्हणून हे नाव. कोणती चीज कुठं घ्यावी हे त्यांना तोंडपाठ होतं. मिरी कोपऱ्यावरच्याकडे, कारण तो पोतं संपल्याशिवाय दुसरं फोडत नाही. दालचिनी काचेच्या बरणीतली कधीच नाही, उन्हाने तिचा जीव जातो. केशर घाईत असलेल्या माणसाकडून नाही. आणि लवंग फक्त इथून, चाळणकाका निवडतात म्हणून.

"पोरी, एक पेला पाणी आण," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "काचेचा हवा."

त्यांनी पिशवीतून दोन पुड्या काढल्या. ह्या खेपेच्या पुडीतल्या चार लवंगा पाण्यात टाकल्या. चारही पाण्यावर आडव्या पसरल्या, काडीकचऱ्यासारख्या. मग दुसऱ्या पुडीतल्या चार टाकल्या.

त्या चार लवंगा किंचित बुडाल्या, डुलल्या, आणि हळूहळू उभ्या राहिल्या. देठ खाली, डोकं वर. जणू पाण्यात चार इवलीशी माणसं एकमेकांकडे तोंड करून काही बोलत थांबली होती.

"ह्या गेल्या वर्षीच्या, काकांनी निवडलेल्या," मावशी म्हणाल्या. "पोटात तेल आहे तोवर लवंग उभी राहते. तेल काढलं की आडवी."

मालकीण पेल्यावरून नजर हलवू शकेना. एवढी वर्षं ह्या धंद्यात काढून तिने हे पाहिलं नव्हतं. तिच्या घरात सगळे नाकाने व्यापार करीत आले होते. डोळ्यांनाही लवंग कळते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात दीर खालच्या पोत्यातली नवी वेलची घेऊन आला, तळहातावर चुरडली आणि सवयीने वहिनीच्या नाकाशी धरली. "बघा बरं, ही ठेवू की परत पाठवू?" तिने रोजच्यासारखा खोटा श्वास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून म्हणाली, "ठेवा."

मावशींनी दिराला विचारलं, "ही लवंग कुणी घेतली होती?"

"मीच. घाऊक बाजारात, दलालामार्फत. पोत्यात हात घालून तळापर्यंत तपासली. अस्सल होती, मावशी, डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मी मिरीच्या लिलावाला थांबलो, माल दलालाच्या टेम्पोतून पुढे आला." त्याचा आवाज चढला. "माझ्यावर संशय आहे का? काकांवर मीच बोट दाखवलं, म्हणून?"

"संशय सगळ्यांवर आहे," मावशी म्हणाल्या, "माझ्यावरही. एक डबा माझ्याकडेच होता ना? पोरी, तू चल, कोठी दाखव."

वर त्यांनी फुटलेल्या लाखेचा एकेक तुकडा उजेडात धरला. नखाने कडा खरवडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "लाख एकदा फोडून पुन्हा वितळवली की तिच्यात काळी रेघ येते. जुन्या थराला नवा थर चिकटत नाही. ह्यात रेघ नाही. एकाच वेळी ओतलेली, सलग."

"म्हणजे?" मालकिणीने विचारलं.

"म्हणजे लाख लागल्यावर डब्याला कुणी हात लावलेला नाही."



३

लाखेखाली मालकिणीच्याच अक्षरातली तारखेची चिठ्ठी होती. महिन्याची आठ तारीख. मावशींनी ती वाचली आणि मान हलवली.

"आठ तारखेला चाळणकाका कुठं होते, आठवतं?"

आठवत होतं. काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सात ते अकरा तारखेपर्यंत ते घरी पट्टी बांधून पडले होते. म्हणूनच तिने डबे स्वतः भरले होते.

"मेलेल्या लवंगा आकाशातून पडत नाहीत. अर्कवाल्याकडे जाऊ," मावशी म्हणाल्या.

अर्कवाल्याची भट्टी गल्लीच्या मागच्या बाजूला होती. तांब्याचा मोठा हंडा, त्याच्या तोंडाला वळलेली नळी, आणि नळीच्या टोकाशी थेंब थेंब गोळा होणारं तेल. पोतंभर फुलांचा जीव शेवटी काही बाटल्यांत मावत होता, हे पाहून मालकीण काही काळ कशासाठी आलो तेच विसरली. म्हाताऱ्या अर्कवाल्याने खुशीत येऊन कुपीचं बूच उघडलं आणि तिच्या नाकाखाली नेलं. "घ्या, ओढा श्वास! छाती मोकळी होईल." ती मान मागे घेऊन हसली.

"तेल काढल्यावर चोथा कुठं जातो?" मावशींनी विचारलं.

"वीटभट्टीवाला नेतो ना, जळणाला. वाळवून, पोत्यात भरून. त्याचा टेम्पो येतो."

"भट्टीवाला स्वतः येतो?"

"छे, नुसता ड्रायव्हर. निळा टेम्पो. पण ह्या गल्लीत निळे टेम्पो सात असतील."

तिथून त्या दलालाच्या कचेरीत गेल्या. दलाल उठून उभा राहिला, पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा मागवला. मालकिणीला हा माणूस मनापासून आवडे. बाकीचे व्यापारी बाईमाणूस म्हणून तिला टाळत, किंवा उगाच परीक्षा घेत. ह्याच्यासमोर तिला कधीच अवघडल्यासारखं होत नसे.

"ऐकलं मी. फार वाईट झालं," तो म्हणाला. "काकांनी असं करावं! पण वयाचा दोष, दुसरं काय. तुम्ही मन घट्ट करा, वहिनी. गल्लीत माणूस माणसाला धरून राहतो. मागे एकदा तुमच्या आतल्या खोलीत दूध करपलं, तेव्हा मीच धावत जाऊन उतरवलं की नाही?"

"हो, उपकारच झाले," ती म्हणाली.

"लवंग बदलून हवी असेल तर मी देतो. भाव चढलाय, पण तुमच्यासाठी वाजवी लावीन." त्याने कपाटातून नमुना काढला, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि लवंगा त्यावर ओतून कागद खिडकीकडे सरकवला. "बघा, रंग कसा आहे. डोकी शाबूत आहेत. एकसारखा दाणा."

मावशींनी चहा पूर्ण प्यायला. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, "छान. विचार करून कळवते ही."

बाहेर पडल्यावर त्या इतक्या भरभर चालू लागल्या की मालकिणीला जवळजवळ पळावं लागलं.

४

दुकानाच्या मागच्या खोलीत मावशींनी दार लावून घेतलं. ओट्यावर काहीतरी ठेचलं, मूठ मिटली, आणि ती मूठ मालकिणीच्या नाकाशी आणली.

"सांग, काय आहे?"

तिने मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"लवंग," ती म्हणाली.

मावशींनी मूठ उघडली. ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या होत्या.

मालकीण ओट्यापाशी खाली बसली. मग ती रडली, दोन वर्षांत पहिल्यांदा मनसोक्त रडली. नवरा गेल्यावर महिनाभर तिला वाटत होतं, दुःखानेच सगळं बेचव झालंय. मग एके दिवशी मिरच्यांचं पोतं फुटलं, अख्खी गल्ली शिंकत पळाली, आणि ही ठसक्याने हैराण झाली, पण वास म्हणून काहीच नाही. तेव्हा कळलं.

"कुणाला कशी सांगू, मावशी? गिऱ्हाईक टिकलं असतं? दुकान दिराच्या ताब्यात गेलं असतं, आणि पदरात दोन मुली."

"ते कळतं मला," मावशी म्हणाल्या. "पण तुझ्या त्या एका 'हो'ने एका म्हाताऱ्याची पस्तीस वर्षं पुसली गेली, हेही कळतंय ना तुला?"

तिने पदराने डोळे पुसले.

"आता नीट ऐक. माल लाख लागायच्या आधीच बदलला होता. बाजारात चोख होता आणि इथं पोचला तो मेलेला. पण असला माल मसाल्याच्या दुकानात पाठवायला छाती लागते. मालकिणीने पोतं उघडताच वास घेतला की खेळ खलास. म्हणजे ज्याने हे केलं त्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, काका त्या दिवशी नाहीत. ते तर गल्लीभर माहीत होतं. आणि दुसरी..."

"मला वास येत नाही," मालकीण पुटपुटली. "पण हे कुणालाच माहीत नाही, मावशी! शपथेवर सांगते."

"एकाला माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या दुपारी तू स्वतःच्या डोळ्यांनी बघशील."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाची फळी अर्धी ओढली होती. दीर, अर्कवाला, दलाल, आणि सगळ्यांपासून दूर, दाराजवळ चाळणकाका. मावशी त्यांना घरून घेऊन आल्या होत्या. ते मालकिणीकडे पाहत नव्हते.

काउंटरवर चार वाट्या होत्या, प्रत्येकीत मूठभर चांगल्या लवंगा.

"मला एवढंच हवंय," मावशी म्हणाल्या. "प्रत्येकाने आपापली वाटी मालकीणबाईंना दाखवायची, जसा माल दाखवतात तसा. त्या सांगतील कुठली सरस."

दिराने खांदे उडवले. दोन लवंगा चुरडून वहिनीच्या नाकाशी धरल्या. "घ्या वास."

अर्कवाल्याने एक लवंग नखाने दाबून नाकाखाली नेली. "कसं वाटतंय, बोला."

चाळणकाकांनी हाताची ओंजळ केली, तीत फुंकर घालून लवंगा गरम केल्या आणि न बोलता ती ओंजळ तिच्या चेहऱ्यासमोर धरली. मालकिणीला वर बघवेना.

मग दलाल पुढे आला. हसतमुखाने त्याने खिशातून पांढरा कागद काढला, लवंगा त्यावर पसरल्या आणि कागद उजेडाकडे केला. "बघा वहिनी, डोकी कशी..."

तो थांबला. सगळे त्याच्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

मालकिणीला एकदम उमगलं. दोन वर्षं सारी गल्ली तिच्या नाकाशी मूठ नेत आली होती. एकट्या ह्या माणसाने कित्येक महिन्यांत नेली नव्हती. तो नेहमी म्हणे, रंग बघा, दाणा बघा. ह्याच्यासमोर अवघडायला होत नाही, असं जे तिला वाटायचं, ते ह्यामुळेच! त्या सुखासाठी तिने मनातल्या मनात त्याचे किती आभार मानले होते.

"नाकाशी का नाही धरलीस रे?" मावशींनी मऊ आवाजात विचारलं.

"त्यांना... म्हणजे, बाईमाणसाच्या अंगावर कशाला उगाच..."

"माझ्या नाकाशी परवाच हिंग धरला होतास. मीही बाईच आहे."

"अहो, पण त्यांना वास येत नाही, तर कशाला त्यांना ओशाळं करायचं?" तो बोलून गेला.

दीर वहिनीकडे वळला. "वास येत नाही?"

"नाही," मालकीण उभी राहून म्हणाली, आणि आवाज फुटला नाही ह्याचं तिलाच नवल वाटलं. "दोन वर्षं येत नाही. कालपर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, भाऊजी. तुम्हालाही नाही."

"दूध करपलं होतं ना, त्या दिवशी कळलं असणार," मावशी म्हणाल्या. "गल्लीभर करपट वास, आणि ही दहा हातांवर शांत बसून पुड्या बांधत होती. तू दूध उतरवलंस, गप्प राहिलास, आणि काकांच्या ऑपरेशनची वाट बघितलीस. अर्कवाले, ह्यांच्या टेम्पोचा रंग कोणता हो?"

"निळा," अर्कवाला सावकाश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "वीटभट्टीचं नाव सांगून माझाच चोथा ह्यांच्या टेम्पोने नेला..."

दलालाने एकदा दाराकडे पाहिलं. दारात चाळणकाका उभे होते, काठीसारखे बारीक, पण जागचे हलले नाहीत. दलाल स्टुलावर बसला.

"भाव अजून चढणार होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पोती तशीच आहेत माझ्या गोदामात. एक दाणाही विकलेला नाही."

६

पोती परत आली. खानावळवाल्याला आणि इस्पितळाला नवे डबे गेले. पुढचं बाजार समितीने बघितलं, आणि त्या माणसाची कचेरी बंद झाली.

मालकीण मात्र त्याच संध्याकाळी चाळणकाकांच्या घरी गेली. काका खिडकीत बसले होते.

"मी खोटं बोलले, काका. तुम्ही माझ्याकडे बघत होता, आणि मी खोटं बोलले."

काकांनी खिडकीचं एक दार ओढून घेतलं. "चोर ठरवलं, त्याचं नाही वाटलं," ते म्हणाले. "रोज माल निवडून तुझ्यासमोर धरायचो. तू म्हणायचीस, वा काका, काय वास आहे! मी घरी येऊन हिला सांगायचो. ते खोटं होतं, ह्याचं वाईट वाटलं."

काकूंनी पाणी आणून ठेवलं. उठताना तिने दुकानात परत यायची विनंती केली; काकांनी यायचं कबूल केलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दहा दिवस ते आले नाहीत. दीर स्वतः जाऊन माफी मागून आला, तरी आले नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी दुकान उघडायला ती गेली, तेव्हा ते पायरीवर बसलेले होते.

"घाऊक बाजारात नवी लवंग उतरली आहे," ते म्हणाले. "दिराला पाठवू नकोस. आपण जाऊ."

बाजाराच्या त्या उंच पत्र्याच्या छपराखाली तिने पहिल्यांदाच पाऊल टाकलं. छताला भिडलेल्या पोत्यांच्या राशी होत्या. मिरीचे काळे डोंगर, हळदीचा पिवळा धुरळा, आणि वरच्या झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत तो धुरळा सोन्यासारखा तरंगत होता. समुद्र ओलांडून, डोंगर उतरून हे सगळं इथं येतं आणि चिमटीचिमटीने घराघरांत जातं. तिला वाटलं, देवळात शिरल्यावर बोलावं तसं इथं हळू बोलावं.

एका जाड भिवयांच्या व्यापाऱ्याने पोत्यात हात घालून लवंगा चुरडल्या आणि तिच्या नाकाशी नेल्या.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. मोठ्याने, आजूबाजूच्या चारपाच जणांना ऐकू जाईल असं.

व्यापाऱ्याचा हात हवेतच राहिला. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी नजरेनेच तिच्याकडे खूण केली. मग त्या माणसाने पोत्यात पुन्हा हात घातला, खोलवर, कोपरापर्यंत, आणि तळातली एक लवंग काढून तिच्या देठात अंगठ्याचं नख रुतवलं. देठातून तेलाचा बारीक मणी वर आला आणि चमकला.

"जिभेवर ठेवा," तो म्हणाला.

तिने ठेवली. आधी काहीच नाही. मग जिभेच्या टोकाशी एक ठिणगी पडली, ती गालापर्यंत पसरली, डोळे भरून आले, आणि पाठोपाठ सगळं तोंड हळूहळू बधिर होत गेलं. कधी न उमललेली एक कळी, नखाएवढी, आणि तिच्यात एवढी आग! ती तशीच उभी राहिली, तोंड किंचित उघडं ठेवून. भोवतीची माणसं वाट बघत थांबली होती, पण कोणी हसलं नाही.

"तळातली आहे," काका हलकेच म्हणाले. "वरचीही बघून घे."

तिने वरचीही एक घेतली, स्वतःच्या नखाने दाबली, मणी येईपर्यंत दाबली. मग बधिर जिभेने, अडखळत, पण नजर न वळवता ती म्हणाली, "चार पोती. भाव सांगा."